रिकिबीची दोन भोकं

माझी धाकटी मुलगी मार्तिरिओ हिचं लग्न झालं, त्या वर्षीच्या जूनमध्ये हम्मू आमच्याकडे कामाला आला. समुद्रापलीकडचा, मोरोक्कोचा. ग्वादाल्किविर नदीच्या दलदलीतून घोड्या आणि शिंगरं हाकून गावात आणायची होती.

खोगिराला पाय ठेवायला लटकणाऱ्या रिकिबी तो आखूड बांधायचा. गुडघे पार वर यायचे.

"बेडूक बसलाय बघा," मी म्हणालो. सगळे हसले.

"आमच्यात असंच बसतात, सेवेरोकाका. आम्ही झनाता टोळीचे."

"असशील. पण हिनेते म्हणवून घ्यायला बापजाद्यांपासून रक्तात असावं लागतं."

हिनेते म्हणजे स्वार. आम्ही तो शब्द आपल्याच मालकीचा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाणी प्यायला गेला असताना मी त्याच्या रिकिबीचे पट्टे दोन-दोन भोकं खाली सोडले. फजिती व्हावी, एवढंच. तेवढ्यात घोड्या उधळल्या. तो धावत येऊन बसला, पाय रिकिबीत पोचेनात. ओढ्याच्या काठावर पडला आणि मागून येणारी घोडी त्याच्या मांडीवरून गेली. तो पाय आखूडच राहिला.

"मोरोक्कोवाल्याला बसताच येत नव्हतं," लोक म्हणाले. मी मान डोलावली.

साठीनंतर मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो. एकदा ओबदुलियाबाईंनी प्रत्येकाला आपल्या धंद्याचा शब्द कोशात शोधायला लावला. मी 'हिनेते'वर बोट ठेवून वाचू लागलो. शब्द झनाता टोळीच्या नावावरून आलेला. पूर्वीचा अर्थ: आखूड रिकिबीत पाय दुमडून बसणारा, भालाढालवाला स्वार.

"पुढे वाचा की, सेवेरो," बाई म्हणाल्या.

मी कोश मिटून ठेवला.

हम्मू तेव्हा बाजाराच्या मागे बसून खोगिरं शिवायचा. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"पट्टे मी सोडले होते."

"ठाऊक आहे." त्याची सुई थांबली नाही. "माझं पाचवं भोक. पडल्यावर बघितलं, तर सातवं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाचं ऐकलं असतं, काका? तुमचं की माझं?"

रविवारी दारूच्या गुत्त्यात मी सगळ्यांसमोर ते सांगितलं. "जुनं झालं, सेवेरो," कुणीतरी म्हणालं आणि माझा पेला भरला. मी तो तसाच ठेवून घरी आलो.

हम्मू पुन्हा घोड्यावर बसला नाही. २०११ च्या मार्चमध्ये तो वारला.