पुढच्या मालकाची गाडी

मी एक जुनी गाडी आहे. मित्रांनो, हे वाक्य इतर गाड्या जरा अभिमानाने म्हणतात, कारण पुढे त्यांना किती घाट चढले आणि किती माणसं पोचवली ते सांगता येतं. माझं तसं नाही. मी जुनी आहे आणि तरीही कोरी आहे. माझ्या सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक परवापरवापर्यंत निघालं नव्हतं. ऐकून तुम्हाला कौतुक वाटेल. कृपा करा आणि वाटू देऊ नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. दारं बसली, काचा बसल्या, चाकं लागली. शेवटी एका बाईने माझं इंजिन चालू करून कान दिला आणि ‘ठणठणीत आहे’ म्हणून बॉनेटवर थाप मारली. मला वाटलं, आता रस्ता. शोरूममध्ये माझ्या शेजारी उभी असलेली पांढरी गाडी एका गुरांच्या डॉक्टरने नेली. तिच्या नशिबी चिखल, शेण आणि मागच्या सीटवर आजारी वासरं आली. तेव्हा मला तिची कीव आली होती. इतकी मूर्ख होते मी.

मला घेणारे गृहस्थ फर्निचरच्या दुकानात विक्रेते होते. आयुष्यभर सोफे विकले, पण त्यांतल्या एकावरही कधी टेकले नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरी माल पोचेपर्यंत प्लॅस्टिक काढायचं नाही, हा दुकानाचा नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता. माणूस मात्र सरळ. खोटं बोलून त्यांनी साधं स्टूलही विकलं नसेल. मला दारात आणलं त्याच दिवशी ते बायकोला म्हणाले, ‘नीट ठेवू. विकताना किंमत आली पाहिजे.’ घरात पाऊल पडलं नाही तोच माझ्या पाठवणीची तयारी सुरू झाली.

बाई शिवणकाम करतात. मी आल्यावर त्या हौसेने गाडी चालवायला शिकल्या, परवानाही काढला. शिकल्या अर्थात शिकवणीवाल्याच्या गाडीवर, माझ्यावर नाही. त्यांचं मागणं एकच होतं. डोंगरातल्या गावी त्यांची थोरली बहीण राहते. आई लवकर गेली, त्यामुळे बाईंना वाढवलं ते या ताईनेच. आता ताईंचे गुडघे गेलेत, बसची पायरी चढवत नाही. गावाबाहेरचं तळं त्यांना फार आवडायचं, पण ते पाहून वर्षं लोटली. ‘ताई, आमच्या गाडीतून तुला तळ्यावर नेईन,’ असं बाईंनी फोनवर कबूल करून टाकलं. मालक म्हणाले, नेऊ की, जरा रस्ता नीट होऊ दे. रस्ता झाला. मग म्हणाले, पावसाळा सरू दे. तोही सरला. मग ऊन होतं, आणि उन्हाने रंग उडतो.

बाईंनीच शिवलेली खोळ अंगावर घेऊन मी दारात उभी राहिले. रविवारी खोळ निघायची, इंजिन थोडा वेळ चालायचं, दोन हात पुढे, दोन हात मागे, की पुन्हा खोळ. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच असावं. पण फोड तरी हाताबरोबर हिंडतो. रविवारच्या तेवढ्या चालण्याने काय होणार? माझी बॅटरी बसून बसून मेली, टायर वाळले आणि एका उंदरीणबाईंनी माझ्या तारांजवळ बाळंतपण उरकलं. घरात सगळ्यांत जास्त वापर तिनेच केला माझा.

त्यात मालकांचं टोळकं. सगळे गाडीवेडे. मोबाइलवर दिवसभर गाड्यांच्याच गप्पा आणि रविवारी कुणाच्या तरी दारात जमायचं. कोण कुठली गाडी कशी घासाघीस करून पटकावून आला, कोण विकताना कसा हात दाखवून अवलक्षण करून बसला, कुणाचा गिअर कसा कुरकुरतो. म्होरक्या एक दातांचा डॉक्टर होता. कुठलीही गाडी त्याच्याकडे फार टिकत नसे, म्हणून त्याला सगळे ‘अदलाबदल’ म्हणत. ‘आ’ करायला सांगितल्यासारखं माझं बॉनेट उघडून तो आत डोकावे आणि म्हणे, काय ठेवलीय गाडी, शिका जरा. मालक फुलून जात. मला त्या कौतुकाचा अस्सा संताप येई. लंगड्याला कुणी बुटांच्या चकाकीबद्दल शाबासकी द्यावी, तसं ते होतं.

शेवटी मालकांनी ठरवलं, आता विकायची. टोळक्यात बातमी फिरली आणि सगळ्यांच्या देखत मला बघायला अदलाबदलच आला. मीटर बघितला, कपाळाला आठ्या पडल्या. टायरवरून बोट फिरवलं, पुन्हा मीटर बघितला.

‘टायर म्हातारे आणि मीटर तान्हा,’ तो म्हणाला. ‘मीटर मागे फिरवलाय तुम्ही.’

मालकांचा चेहरा पार उतरला. ज्या माणसाने जन्मात लबाडी केली नाही, त्याच्यावर त्याच्याच मित्रांपुढे हा आळ. मित्र म्हणवणारे एकमेकांकडे बघू लागले. इतक्यात गळ्यात टेप तशीच असलेल्या बाई दारात आल्या.

‘मी सांगते,’ त्या म्हणाल्या. ‘लेक शिकायला परगावी गेली, तेव्हा तिचं सामान टेम्पोतून गेलं. पेटीचा कोपरा घासला असता ना. ह्यांना ताप भरला, तेव्हा दवाखान्यात भाड्याच्या गाडीने गेलो. सीट खराब झाली असती. माझी ताई फोनवर विचारते, कधी नेतेस गं तळ्यावर. मी दर वेळी तिला नवं कारण सांगते. या घरात कुणी खोटं बोललं असेल तर ती मी, माझ्या ताईशी. मीटर खरा आहे.’

मालक खाली बघत उभे होते. बायकोने त्यांचं नाव राखलं होतं, आणि त्याच वाक्यांत त्यांना उघडंही पाडलं होतं.

अदलाबदल मात्र खूश झाला. म्हणाला, मग तर घेतोच, उद्या सकाळी येऊन नेतो. ही काही फिरवायची गाडी नाही, मीही अशीच ठेवीन, प्लॅस्टिकसकट. माझ्या पायाखालची जमीन आजवर कधी सरकली नव्हती. त्या क्षणी सरकली.

मंडळी गेल्यावर मालक हातात किल्ली घेऊन नुसते उभे राहिले.

‘उद्या त्यांची,’ बाई म्हणाल्या. ‘आज आपली आहे ना?’

मालकांनी किल्ली त्यांच्या हातात दिली. बाईंनी शिवणाची मोठी कात्री आणली आणि सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा कापून काढलं. शेजारच्या मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, तारा आणि ब्रेक बघितले. टायरवाल्याकडे नवे टायर लागले. दुसऱ्याच्या गाडीला आपण कशाला टायर घालायचे, असं मालक पुटपुटले, पण पैसे त्यांनीच मोजले. मग बाईंनी मला रस्त्यावर घेतलं. मी आधी खोकले, मग धापा टाकल्या आणि पहिल्या चढाला माझा श्वास मोकळा झाला. मालक शेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला ‘हळू, हळू’ करत होते. त्यांच्याकडे लक्ष द्यायला आम्हा दोघींना सवड नव्हती.

ताई काठी टेकत फाटकात आल्या. माझ्यात बसताना काठीचं लोखंडी टोक माझ्या दारावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत करकरत गेलं. त्यांना पत्ताही नाही. मालकांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मालकांनी तोंड मिटलं आणि ताईंना हात दिला.

तळ्याकाठी ताई काच खाली करून बराच वेळ बसल्या.

‘पाणी कमी झालंय गं,’ त्या म्हणाल्या. मग सीटवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, ‘गाडी नवी घेतलीत वाटतं?’

‘हो,’ मालक म्हणाले. ‘आजच.’

दुसऱ्या दिवशी अदलाबदल आला, ओरखडा बघून हळहळला आणि गाडीची माती केलीत म्हणून निघून गेला. टोळक्याने मोबाइलवर माझं सुतक पाळलं. मालकांनी पॉलिशचा डबा बाहेर काढला, माझ्या अंगावरचा चिखल पुसला, आणि ओरखडा तसाच ठेवला.

ते सुधारले असं मात्र समजू नका. अजूनही खड्डा आला की उतरून माझ्याखाली वाकून बघतात आणि पायाखाली वर्तमानपत्र अंथरतात. पण ताईंना आता तळ्याचा कंटाळा आलाय, त्या दुसरं ठिकाण सुचवा म्हणतात.

मित्रांनो, वस्तू जपा. तेल वेळेवर बदला, हवा तपासा, उंदरांना थारा देऊ नका. पण आपण ती कुणासाठी जपतोय, हे स्वतःला एकदा विचारा. आणि कुणाच्या दारात खोळ घातलेली चकचकीत गाडी दिसली, तर मालकाला शाबासकी देऊ नका. एवढंच विचारा, तुमच्या घरातलं कोण तळ्यावर जायचं राहिलंय?