वाळूच्या पट्ट्यावर कोण आलंय?

ओहोटी पुरती लागली की आम्ही बायका गुडघाभर पाण्यात उतरतो आणि दोऱ्यांना शेवाळाची रोपं बांधतो; हीच आमची शेती. त्या सकाळी माझी नणंद तातू सगळ्यांच्या पुढे होती. वाळूच्या पट्ट्यापाशी पोचली आणि किंचाळलीच, "जैतुनी, हा धोंडा माझ्याकडे बघतोय गं!"

मी धावले. धोंडा कसला! माणसाहून लांब, पिंपासारखं अंग, कातडी जागोजागी सोललेली. तोंड कुत्र्याचं, मिशा मांजराच्या, पाय कुठेच नाहीत. डोळे मिटले आणि श्वासही थांबलेला दिसला.

"मेलं वाटतं," मी म्हणाले.

तेवढ्यात त्याच्या नाकपुड्या फटकन उघडल्या आणि ते असं फुरफुरलं, की टोपल्या तिथंच टाकून आम्ही दोघी पळत सुटलो.

घटकाभरात अख्खा गाव पाण्यात उतरला. माकामे मच्छीमार छातीठोकपणे म्हणाला, "समुद्रगाय आहे."

"समुद्रगाय वाळूवर चढून झोपते होय रे?" उस्सीकाका खेकसले. त्यांचा उभा जन्म जहाजांवर खलाशी म्हणून गेलेला. "केपटाउनच्या धक्क्यावर मी समुद्री कुत्रे पाहिलेत. पण त्यांना कान होते, आणि पुढच्या पंखांवर रेलून छाती काढून बसायचे, आपल्या शेहासारखे. हे तर अळीसारखं सरपटतंय."

शेहा म्हणजे आमचे गावप्रमुख. ते शेजारीच उभे होते. ते सोडून सगळे हसले.

"जिन्न आहे," तातू कुजबुजली. "बघा, कातडी टाकतोय. आता माणूस होणार."

"झालाच, तर तुझ्याशी निकाह लावून देऊ," माकामे म्हणाला. तातूनं ओल्या शेवाळाचा गोळा त्याच्या तोंडावर मारला.

मी फोटो काढून शहरातल्या भाचीला पाठवला. तिनं तो समुद्रखात्यातल्या राया बाईंना दाखवला आणि बाईंचा थेट मलाच फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला.

"शेपूट कसं आहे? माशासारखं एकच, की दोन वेगळे पंख?"

शेपूट होतं पलीकडच्या बाजूला. कोण जाणार? एकजात सगळ्या बाप्यांना एकदम भरतीची काळजी लागली. मीच निघाले. तातूनं माझा पदर धरला.

"काही झालं तर भावाला काय सांगू?"

"सांग, शेपूट बघायला गेली होती."

लांबून वळसा घेत, वाकत वाकत मी मागं गेले. दोन पंख! जोडलेल्या हातांसारखे, आणि आत बोटांची हाडं!

"दोन आहेत!" मी ओरडले. "बोटंसुद्धा आहेत!"

त्यानं मान उचलली आणि हा एवढा जबडा उघडला. सडक्या मासळीचा भपकारा आला, मी मटकन पाण्यात बसले. फोन तेवढा वर धरला होता.

"कान दिसतात? बाहेर आलेले?" बाईंनी घाईघाईनं विचारलं.

"नाहीत हो. नुसती भोकं."

"अहो, मग हा सील आहे! हत्ती-सील! पार दक्षिणेच्या बर्फाकडचा. आपल्या किनाऱ्यावर मी आजवर एकही पाहिला नाही! हात लावू नका, पाण्यात ढकलू नका. जुनी कातडी टाकायला तो असा जमिनीवर येऊन पडतो. आणि फोटोवरून तर अजून पिल्लूच दिसतंय. मी निघालेच!"

"पिल्लू?" माकामे म्हणाला. "मग आई केवढी असेल?"

सगळ्यांच्या माना एकदम समुद्राकडे वळल्या.

दुपारी राया बाई आल्या आणि त्याला पाहताच वाळूत गुडघ्यांवर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. भरती चढली तसा पाहुणा डुलत डुलत माडांखाली आला. येताना तातूच्या सगळ्या दोऱ्या त्यानं चिरडल्या. "मेल्याला माझ्याच दोऱ्या सापडल्या!" ती बोटं मोडत राहिली. पण पुढचे कितीतरी दिवस त्याच्याजवळ फिरकणाऱ्या कुत्र्यांना काठी घेऊन हाकलायची तीच.

एका सकाळी ती धावतच माझ्या दारात आली. "गेला गं! नवी कातडी काय चमकत होती! सरळ लाटेत शिरला, मागं वळून पाहिलंसुद्धा नाही."

"तू हाक मारायचीस."

"मारली की," ती म्हणाली, आणि टोपली उचलून ओहोटीकडे चालू लागली.