नांगराचं पाणी

धाकट्या भावाच्या त्या पत्राला म्हाताऱ्याने उत्तर दिलंच नव्हतं. शोभेची छोटी जहाजं भाऊ बनवायचा, त्यांच्याखालचं पाणी हा. नांगर टाकलेल्या जहाजासाठी याने काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रेझिनचे पातळ थर ओतून संथ पाणी केलं; भावाने न विचारता त्यावर शिडं फुगलेलं जहाज बसवलं. संथ पाण्यावर फुगलेली शिडं पाहून प्रदर्शनात लोक हसले, तसे भावाने हात वर केले. वर पत्रात लिहिलं, "दादा, पाणी तुझं, तेव्हा चूकही तुझीच. आयोजकांना तसं कळव, म्हणजे माझं नाव राहील."

आपलंच चुकलं असेल, असं म्हाताऱ्याला कितीतरी दिवस वाटत राहिलं. शेवटी त्याने तसंच पाणी पुन्हा ओतून त्यात नांगर टाकलेलं जहाज ठेवलं. ते चपखल बसलं.

"पाणी बरोबर होतं. वारा तू आणलास. यापुढे समुद्रही तूच कर," एवढंच लिहून त्याने पाकीट टपालपेटीत टाकलं.