बिनहप्त्याची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, पण माझी कीव करा म्हणून हे सांगत नाही. माझा काळा रंग उडालाय, घंटीचं झाकण कधीच पडलंय, सीटवर जुन्या शर्टाचं कापड बांधलंय. तरी आज सकाळी मी नागापूरच्या एमआयडीसीत जाऊन आले आणि उद्याही जाणार आहे.

नगरच्या एका दुकानात माझी जोडणी झाली. शाळेत शिपाई असलेल्या शमुवेल यांना मी आवडले. दुकानदार म्हणाला, निम्मे आता द्या, निम्मे सावकाश द्या. शमुवेल तसेच परत गेले आणि चार महिन्यांनी सगळे पैसे घेऊन आले. तोवर मी दुकानात टांगलेली. मला फार राग आला होता त्यांचा.

त्यांचा मुलगा नोहा लहानपणी माझ्या दांडीवर बसून शाळेत गेला. पुढे मला चालवत आयटीआयला गेला आणि नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, कामाला लागला. बरोबरीच्या पोरांनी वर्षभरात मोटारसायकली घेतल्या. गेटपाशी त्यांच्या चकचकीत रांगेच्या शेवटी मी एकटीच उभी असायचे. भंगारवाला घेऊन गेला तर मी जबाबदार नाही, असं वॉचमन म्हणायचा. नोहा हसून सोडून द्यायचा. पगार झाला की तो आधी पोस्टात पैसे टाकायचा आणि उरलेल्यात महिना काढायचा. एक जुना लेथ घेऊन स्वतःचं वर्कशॉप काढायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून तो चिकट होता असं समजू नका. आईचा, मेरीबाईंचा, चष्मा फुटला तेव्हा त्याने त्याच दिवशी नवा करून आणला.

मग भिंगारहून एक स्थळ आलं. मुलगी जेनिफर, खासगी दवाखान्यात नर्स. बघायला जायच्या दिवशी कारखान्यातला मित्र गोरक्ष आपल्या गाडीची किल्ली घेऊन आला.

"आरं, माझी गाडी ने. एका दिवसाचा तर प्रश्न हाय."

नोहा म्हणाला, "एक दिवस दाखवली, तर पुढं रोज दाखवावी लागंल."

आईवडील रिक्षाने गेले. नोहा पाळी सुटल्यावर मला घेऊन निघाला. भिंगारला पोहोचेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने मला खिडकीखाली टेकवलं. त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येत होतं.

चहापोहे झाले आणि मुलीचे मामा, जोसेफ, बोलू लागले. नोकरीला सहा वर्षं झाली आणि अजून सायकल? आमची पोरगी काय दांडीवर बसून सासरी जाणार? बैठकीतली माणसं हसली. नोहाने लेथचं सांगितलं. गाडी घेईन, पण पैसे साठल्यावर, हेही सांगितलं. जेनिफरचे वडील भले गृहस्थ होते, पण चारचौघांत अवघडले. ते म्हणाले, तुम्ही आधी गाडी घ्या, मग पुढचं बोलू.

नोहा उठला. "मग राहू द्या, काका. गाडीसाठी मी लेथ सोडणार नाही."

तो दाराकडे वळला.

तेवढ्यात जेनिफर आतल्या दारातून बाहेर आली.

"पप्पा, दादाच्या लग्नात लोकांना दाखवायला गाडी घेतली. तिचा हप्ता तीन वर्षं माझ्या पगारातून जातोय. मला असं दिखाव्याचं सासर नको. हे बरे आहेत."

तिच्या भावाने मान खाली घातली. मामा चपला घालून निघून गेले. वडिलांनी त्या दिवशी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नोहाने मला वळवलं आणि परतीच्या रस्त्याला जोरात पायडल मारले.

वडिलांचा होकार यायला पाच महिने लागले. लग्न चर्चमध्ये झालं, जेवण चर्चच्या आवारात. जेवढ्यांना पोटभर वाढता येईल तेवढीच माणसं बोलावली. मामा आले नाहीत, अजूनही येत नाहीत.

आता नागापुरात भाड्याच्या शेडमध्ये नोहाचा लेथ फिरतो. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. एखाद्या महिन्यात काम येत नाही. तेव्हा दोघं वही घेऊन बसतात, काय नंतर घेतलं तरी चालेल ते ठरवतात, पण कुणाच्या दारात हात पसरायला जात नाहीत. मागच्या महिन्यात जेनिफरचे वडील शेडवर आले. नोहा कामात होता. ते बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मग कोपऱ्यातली तेलाची बाटली घेऊन खाली बसले आणि माझ्या चेनची एकेक कडी पुसून तिला तेल देत राहिले.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. चाकात हवा असू द्या, चेनला तेल द्या, ब्रेकचे रबर झिजले की बदला. मी पुष्कळ वर्षं चालेन. आणि तुमच्या सायकलला कुणी हसलं, तर तिला मागच्या बोळात लपवू नका. दारासमोर उभी करा.