पिंपळाच्या नसांचा पडदा

मी मेहकरच्या एका लहान दवाखान्यातला पडदा बोलतो आहे. खिडकीचा नव्हे. हातरुमालाएवढा, पातळ, काळसर आहे मी. छातीचे ठोके दाखवणारं मशीन असतं ना, त्याच्या वायरींभोवती मला गुंडाळलंय.

इथल्या डॉक्टर शेखर यांच्या बहिणीनं, अनुपमानं, मला छापलं. पिंपळाचं पान पाण्यात कुजवलं की नुसती नसांची जाळी उरते. तीच जाळी तिनं चांदीच्या शाईनं माझ्या अंगावर उतरवली. पानाच्या नसा पाणी नेतात. मी बाहेरून आलेल्या विजेच्या लहरी धरतो आणि एका तारेतून जमिनीत सोडतो. दवाखान्याच्या भिंतीला लागूनच वेल्डिंगचं दुकान. मी यायच्या आधी तिकडं वेल्डिंग चाललं की इकडं मशीनवरची रेघ थरथरायची.

खेड्यावरचे वामनराव छातीत दुखतं म्हणून भरती झाले. त्या दिवशी अनुपमा माझी तार तपासत होती. उशाशी बसलेल्या मनकर्णाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, हे कायचं?

"बाधा होऊ नये म्हणून लावलंय, काकू."

"पिंपळाचं दिसते."

"पिंपळाचंच आहे."

मनकर्णाबाईनं हळूच मान डोलावली. पिंपळावर मुंजा असतो, आणि बाधा कशी लागते, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

दुपारी खोलीत कोणी नाही असं बघून तिनं मलमपट्टीच्या सामानातली कात्री उचलली. माझा तळहाताएवढा तुकडा कापला आणि नवऱ्याच्या उशीखाली सारला. नेमकी तारही त्याच तुकड्याला होती. ती सुटून खाली लोंबली. मला ओरडता येत नाही.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडं वेल्डिंग सुरू झालं. मी धरायला गेलो, पण धरलेलं सोडू कुठं? रेघ वेडीवाकडी नाचू लागली, मशीन कोकलू लागलं. डॉक्टर धावत आले. वामनराव औषधाच्या गुंगीत, हाक मारली तरी ओ देईनात. ठोके आवरायचं इंजेक्शन भरा, डॉक्टर नर्सला म्हणाले. चांगल्या चाललेल्या काळजाला ते टोचलं तर काय होईल, ते मी ऐकून होतो. सुई हाताजवळ आली.

मनकर्णाबाईला वाटलं, बाधा उशीपर्यंत पोचली. तिनं तुकडा ओढून काढला आणि नवऱ्याच्या छातीवर दाबून धरला.

डॉक्टरांचा हात थबकला. "हे कुठून आणलं?"

मशीन कोकलतच होतं. ती म्हणाली, "मीच कापलं. तुमच्या बहिणीनं म्हणलं, यानं बाधा होत नाही. मशीनले कायची बाधा होते? बाधा तं माणसाले होते."

डॉक्टरांनी खाली लोंबणारी तार पाहिली, सुई ट्रेमध्ये ठेवली आणि वामनरावांचं मनगट धरलं. नाडी संथ, एकसारखी चालली होती. नर्स वेल्डिंग थांबवायला पळाली, आणि रेघ आपोआप जागेवर आली.

गुंगी उतरल्यावर वामनरावांनी बायकोला विचारलं, "काऊन रडून राह्यली वं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

आता मला ठिगळ लावलंय. तारही नवी आहे. काम करतो, पण पूर्वीसारखा बिनघोर नाही. डॉक्टरसाहेब, माझं एवढं ऐका. मी वायरींवर असलो तरी आधी माणसाचं मनगट धरत जा.