लाइनमनचा शब्द

आमच्या थोरल्याला पाणी मागितलं तर तो आधी पाणी हा शब्द कुठून आला ते सांगतो. घसा कोरडा पडलेलं माणूस बसतं तोंडाकडे बघत. शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी आहे त्याला. एकेक शब्द घेऊन त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. ह्याचं लग्न जुळवताना मीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. मी कशीबशी अक्षरओळख झालेली बाई, मला त्याचं कौतुकच होतं. पण ह्यांच्या आजारपणात त्याने माझा जीव नकोसा केला.

ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एकच शब्द राहिला, लाइन. जन्मभर लाइनमन होते, खांबावर चढून विजेच्या तारा जोडल्या, तेव्हा तोच राहिला ह्याचं मला नवल वाटलं नाही. पाणी दाखवलं, लाइन. उशी सारखी केली, लाइन. सून भेटायला आली, तिलाही लाइन. ती म्हणाली, बाबा, लाइन कसली मारताय, आई इथेच बसल्यात.

हसू काय ते तेवढंच. कारण हे जेवत नव्हते. सुपाची वाटी पुढे आली की डावा हात अर्ध्यापर्यंत यायचा, लाइन म्हणायचे आणि हात तिथेच थांबायचा. मी चमचा ओठांशी नेला की डोकं मागे. रागावून पाहिलं, मग गोड बोलून पाहिलं. इतकं गोड मी लग्नातही बोलले नसेन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यांना गिळता येतंय पण गिळत नाहीत, संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. खांबावर वाऱ्यात उभा राहणारा माणूस, त्याच्या नाकात नळी. पाठ भरून आली होती, दवाखान्यातल्या त्या लोखंडी खुर्चीवर बसून बसून.

थोरला मात्र कामाला लागला. लाइन म्हणजे फोन असेल म्हणून ह्यांच्या कानाला फोन लावला. रांग असेल म्हणून चाकाच्या खुर्चीत बसवून तपासणीच्या रांगेपर्यंत फिरवून आणलं. कागदावर रेघ मारून दाखवली. हाताला लावलेल्या सलाइनच्या नळीलाही नर्स लाइनच म्हणते, तर तिच्यावर बोट ठेवलं. हे आपले बघत राहिले. मग मला म्हणाला, ह्या शब्दाचं मूळ जवसात आहे. जवसाच्या झाडाचा धागा, त्या धाग्याची दोरी, दोरीने आखलेली रेघ, रेघेत उभी राहिलेली माणसं, मग कवितेची ओळ, मग तार, मग माणसाचा धंदा. नवरा माझा उपाशी आणि हा मला जवस पेरून दाखवतोय. ह्याला कोणी लाइनीवर आणायचं?

मी पुन्हा वाटी उचलली. हात वर आला, थांबला. लाइन.

थोरल्याने वाकून कान ह्यांच्या तोंडाशी नेला. मग हळूच म्हणाला, "आई, बाबा सांगत नाहीयेत. शेवटाला आवाज वर जातोय बघ. विचारतायत."

माझा हात तसाच राहिला. वाटी स्टीलची. चमचा स्टीलचा.

खांबावर चढलं की हे तारेला हात लावण्याआधी खाली ओरडून विचारायचे, लाइन? खाली स्विचपाशी उभा असेल त्याने प्रवाह तोडला आहे हे बघून तोंडाने बंद म्हणायचं. ते कानाने ऐकल्याशिवाय हात पुढे जायचा नाही. घरातला फ्यूज बदलतानाही तेच. मी मीटरपाशी उभी. कधी कंटाळून नुसती मान हलवली तर हे स्टुलावर हात वर करून तसेच उभे, मी बोलेपर्यंत. भाजी करपली तरी उभे. आणि इथे आम्ही इतकी माणसं गोळा झालो, उशा सारख्या केल्या, फोन लावले, पण त्यांना उत्तर कोणीच दिलं नाही.

मी म्हटलं, "बंद."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने चमचा घेतला आणि तोंडात घातला. अर्धं सूप हनुवटीवर सांडलं. पुन्हा चमचा वाटीकडे आला, पुन्हा लाइन, पुन्हा मी बंद. वाटी रिकामी होईस्तोवर आमचं हेच चाललं. नर्स दारात येऊन बघून गेली. मला रडायलाही त्राण नव्हतं. हनुवटी पुसली आणि खुर्चीत टेकले.

थोरल्याने खिशातून पेन काढलं होतं. म्हणत होता, शब्दाचा हा वापर अजून कुठेच नोंदलेला नाही.

मी म्हटलं, "पेन आत ठेव. कान बापासारखा तयार आहे तुझा, तेवढं मान्य केलं. आता मी दमले. उद्यापासून दोन्ही वेळा तू भरवायचंस. त्यांनी विचारलं की तोंडाने बंद म्हणायचं, मान हलवलेली चालत नाही. आणि मध्येच जवस काढलंस तर तुला घरी पाठवीन."