भावाच्या नावाची बाटली

सैन्यभरतीच्या नादात यशराजनं जिममध्ये कसली कसली इंजेक्शनं टोचून घेतली होती. उंब्रजच्या अकादमीनं लघवीची तपासणी सांगितली, तशी त्याची पाचावर धारण बसली. त्यानं बहिणीपुढं बाटली धरली. संयोगिताला शिसारी आली, पण आई, अंबूबाई, हात धुऊन मागं लागली, म्हणून तिनं भरून दिली.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "लघवीतून प्रोटीन जातंय. एवढ्या कमी वयात हे बरं नाही, मधुमेहही असू शकतो. रक्तातली साखर लगेच तपासा, लघवीही परत तपासू."

अंबूबाई मटकन खाली बसली. यशराज मात्र फोन ठेवून हसत सुटला. "आगं आई, माजी न्हवं ती, हिची हाय!"

"व्हय की गं बाई!" आईच्या जिवात जीव आला. "माजं लेकरू वाचलं!"

लेकरू म्हणे! बाटली भरतानाही आली नव्हती एवढी किळस संयोगिताला आता या दोघांची आली. पण तिच्याकडं बघायला सवड कुणाला होती? अंबूबाईनं देवापुढं साखर ठेवली, हात जोडले आणि प्रसादाची पहिली चिमूट लेकीच्याच तळहातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली, "भाऊ वाचला तुजा."